वॉर्डाचं बजेट उघडून बसलो तेव्हा: नागरिक आणि प्रोग्रॅमर मिळून काय करू शकतात?

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गेली दोन वर्षं मी आणि शेजारचे काका रविवारी सकाळी आमच्या महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायला बसतो. मी प्रोग्रॅमर. काका पाटबंधारे खात्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे मांडतो, कारण सरकारचा कारभार लोकांसमोर उघडा असावा असं मनापासून वाटणारे इथे पुष्कळ आहेत.

सुरुवात ड्रेनेजपासून झाली. जोराचा पाऊस झाला की आमच्या गल्लीतलं चेंबर उफाळतं आणि तळमजल्याच्या घरांत घाण पाणी शिरतं. दर वर्षी अर्ज, दर वर्षी "पुढच्या बजेटात धरू" हे उत्तर. मी पहिल्यांदा केलं ते अ‍ॅप. फोटो काढा, नकाशावर टाका, लाल ठिपका दिसेल. दोन महिने रात्री जागून ते उभं केलं. पहिल्याच पावसाळ्यात साठेक तक्रारी आल्या आणि तिथेच पडून राहिल्या, कारण पलीकडे त्या वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं. काकांनी ते सगळं बघितलं आणि विचारलं, "पाणी तुंबतं हे सगळ्यांना ठाऊक आहे रे. त्या लायनीला पैसे धरले होते का, ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. मग संकेतस्थळावरून अंदाजपत्रकाची पीडीएफ उतरवून घेतली. सहाशेच्या वर पानं. अर्ध्या पानांवरचा मजकूर कॉपी करून चिकटवला की 'मलनिःसारण'च्या जागी डॉलर, टक्के आणि कंस. ज्यांनी जुन्या मराठी फॉण्टवर काम केलंय त्यांना हे माहीत असेल. त्या फॉण्टमध्ये रोमन अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला ती रोमन अक्षरांची उतरंड वाटते. युनिकोडमध्ये आणायचं तर नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल करून भागत नाही. पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती नंतर न्यावी लागते. रफाराचं बरोबर उलट. 'निर्मिती' हा एकच शब्द दुरुस्त करता करता माझी एक संध्याकाळ गेली.

उरलेली पानं स्कॅन केलेली. काही तिरकी, काहींवर गोल शिक्का नेमका आकड्यावर. त्यांना टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लावलं, पण देवनागरी १ आणि ९ यांची सरमिसळ होते, आणि बजेटात १ चा ९ झाला तर सगळंच गेलं. इथे काका कामाला आले. म्हणाले, प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज असते. आपण वाचलेल्या आकड्यांची बेरीज तिच्याशी जुळली नाही तर चूक त्याच पानावर आहे. एवढ्या एका युक्तीने तपासायची पानं चाळीस-पन्नासवर आली, आणि ती आम्ही हाताने तपासली.

मग आमच्या गल्लीची ओळ सापडली. तीन वर्षांपूर्वी १२ लाखांची तरतूद. खर्चाच्या रकान्यात शून्य. मला वाटलं, सापडलं, आता हे सगळीकडे टाकायचं. काका म्हणाले, "थांब. वर्गीकरण बघ."

वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी धरलेला पैसा वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणं. त्याला मंजुरी लागते, ठराव होतो, आणि तो ठराव अंदाजपत्रकात नव्हे तर वेगळ्याच कागदात असतो. २०२२ मध्ये नगरसेवकांच्या मुदती संपल्यावर पुणे-मुंबईसह अनेक महापालिकांवर प्रशासक बसले, तेव्हा स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकाकडेच होते. आमच्याकडेही तेच. फेब्रुवारीतल्या एका ठरावात आमचे १२ लाख दुसऱ्या रस्त्याच्या डांबरीकरणाकडे गेलेले दिसले. सगळं नियमात होतं. चोरी नव्हती, निर्णय होता. तो झाला त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एकालाही तो होतोय हे माहीत नव्हतं.

माझं म्हणणं यातूनच निघतं. कागद बहुतेक वेळा कुठे ना कुठे असतो. तो वाचता येईल असा करणं, आणि निर्णय व्हायच्या आधी तो माणसाच्या हातात पडणं, इथे आपण कमी पडतो. पहिल्याला प्रोग्रॅमर लागतो. दुसऱ्याला काकांसारखी माणसं लागतात, ज्यांना तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक झोपेतही कळतो. आपल्याकडे हॅकेथॉनमध्ये (प्रोग्रॅमर एकत्र बसून झटपट काही बनवतात त्या मेळाव्यात) पहिली जात येते, दुसरीला कुणी बोलावत नाही.

तुमच्या गावात, वॉर्डात असं काही केलं असेल तर लिहा. कुठे अडलात तेही लिहा.

केतकी_

फार चांगला धागा. माहिती अधिकाराच्या बाजूने थोडी भर घालते, कारण बरेच जण १० रुपयांचं तिकीट लावून "सर्व माहिती मिळावी" असा अर्ज करतात आणि निराश होतात.

एक म्हणजे, अर्जाच्या आधी कलम ४ बघा. २००५ च्या कायद्यात कलम ४(१)(ख) खाली १७ बाबी प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. त्यात अंदाजपत्रक आहे, अनुदानाच्या योजना आहेत, लाभार्थ्यांचा तपशील आहे. कलम ४(२) मध्ये तर स्पष्ट आहे की लोकांना अर्ज करायची गरजच कमीत कमी पडावी. म्हणजे आपण मागतोय ती मेहेरबानी नव्हे.

दुसरं प्रोग्रॅमर लोकांसाठी. कलम २(ञ) मध्ये माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क आहे, आणि कलम ७(९) सांगतं की ज्या स्वरूपात मागितली त्या स्वरूपात शक्यतो द्यावी. म्हणून अर्जात सरळ लिहा: "सदर माहिती संगणकावर एक्सेल स्वरूपात उपलब्ध असल्यास त्याच स्वरूपात मिळावी." कागदावर घेतली तर पानाला २ रुपये मोजा आणि मग पुन्हा टाइप करत बसा.

तिसरं, महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा. वर्गीकरणाचे ठराव एक अर्ज, कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) दुसरा. एकत्र केलं की परत येतो.

आणि अर्ज न करताही फायली बघता येतात! २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. मी स्वतः अशा सोमवारी गेले आहे. पहिल्यांदा "कुठला शासन निर्णय?" असं विचारलं गेलं. मी छापील प्रत पुढे केली. पुढच्या वेळी खुर्ची मिळाली.

वैनगंगाकाठ

आडवाट, तुमचे काका आणि तुम्ही जे करताय त्याला आमच्या गडचिरोलीत एक जुना शब्द आहे: अभ्यासगट.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यामागे काय आहे ते फार कमी सांगितलं जातं. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो. तिथे निर्णय घ्यायचाच नाही, फक्त समजून घ्यायचं. बाहेरचा जाणकार येऊ शकतो, प्रश्न विचारू शकतो, पण ठरवणार गाव. वन हक्क कायदा आला तेव्हा त्याचं कलम न् कलम असंच वाचलं गेलं. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं, तोही २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आला.

यात संगणक कुठेच नव्हता. पण तुम्ही म्हणता ते दोन्ही होतं: कागद समजून घेणं, आणि निर्णयाच्या जागी हजर असणं. प्रोग्रॅमर मित्रांना सांगणं एवढंच की तुमची जागा अभ्यासगटात आहे. तिथे या, बसा, तक्ते करून द्या. ठरवायचं काम गावाचं राहू द्या.

आडवाट

वैनगंगाकाठ, "निर्णय घ्यायचाच नाही, फक्त समजून घ्यायचं" हे मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शिवारात

मी संगमनेर भागातला. शहरातल्या लोकांचं बजेट ६०० पानी असेल, आमच्या ग्रामपंचायतीचं चार-पाच पानांत मावतं. तरी ते कुणाच्या हातात नसतं.

आता केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा, आर्थिक वर्ष निवडा. पंधराव्या वित्त आयोगाचा किती पैसा आला, त्यातला पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला किती आणि मोकळा किती, सगळं आहे. अडचण अशी की ते बराच काळ इंग्रजी शीर्षकांतच होतं आणि मोबाईलवर बघायला अवघड. आमच्या गावात स्मार्टफोन घराघरांत आहे, पण आठ रकान्यांचा तक्ता पाच इंचांवर कोण वाचणार?

आम्ही काय केलं ते सांगतो. माझा पुतण्या डिप्लोमा करतो. त्याने त्या पोर्टलवरची आमच्या गावाची वर्षभराची कामं एका कागदावर मराठीत उतरवली. कामाचं नाव, कुठल्या वस्तीत, मंजूर रक्कम, खर्च रक्कम. मोठ्या अक्षरात. तालुक्याला जाऊन फ्लेक्स छापून आणला आणि दूध संकलन केंद्राच्या भिंतीला लावला, कारण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे येतं. पंचायतीच्या फलकाकडे कोणी फिरकत नाही.

पहिल्या संध्याकाळी एक आजी आल्या, पुतण्याला म्हणाल्या, "बाळा, आमच्या वस्तीचं वाच." त्याने वाचलं: वस्तीवरील अंगणवाडी, शौचालय दुरुस्ती, अमुक इतका खर्च. आजी म्हणाल्या, "त्याला तर दारच नाही." कॅन भरून घ्यायला थांबलेली चार माणसं तिथेच होती, सगळे गप्प झाले. पुढच्या महिला ग्रामसभेत हा विषय बायकांनीच काढला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका.) पंधरा दिवसांत दार बसलं. कुणावर कारवाई झाली नाही, आम्ही मागितलीही नाही. गावातच राहायचं आहे.

अनामिक_वाचक

वाचून बरं वाटलं, पण एक विचारतो, मनापासून. मी सहा वर्षं अर्ज करत होतो. माहिती ३० दिवसांत द्यायची, मिळत नाही. पहिलं अपील, मग आयोगाकडे दुसरं अपील. माझ्या एका अपिलाची तारीख लागायला दोन वर्षं गेली. तोवर तो रस्ता दोनदा उखडून झाला होता. घरचे म्हणाले, पुरे. तुम्ही लोक थकत नाही का?

आणि धोकाही आहे. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली, ते विसरून चालणार नाही. गैरकारभार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला, तो अजून लागूच झालेला नाही. शहरात सुरक्षित बसून गावाकडच्या पोराला "अर्ज टाक" म्हणणं सोपं असतं.

केतकी_

अनामिक_वाचक, तुमचं खरं आहे. मीही थकते. म्हणूनच हल्ली एकटीने अर्ज करत नाही. आम्ही पाच जणी वेगवेगळ्या नावांनी, थोड्या थोड्या दिवसांनी एकाच विषयाचे अर्ज टाकतो. एक नाव ठळक होत नाही. जमिनीचं, वाळूचं, बांधकाम परवान्याचं प्रकरण असेल तर गावातल्या माणसाने अर्जच करू नये, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राने करावा. कायद्यात कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही आणि अर्ज भारतातला कुठलाही नागरिक करू शकतो. इथे परगावी राहणाऱ्यांची खरी मदत होईल.

आणखी एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा जनहितासाठी देता यायची आणि "जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही" असा आधार होता. तो आधारच काढून टाकला. आता "ही वैयक्तिक माहिती आहे" एवढं म्हणून नकार येतो. कलम ८(२) मधला जनहिताचा मुद्दा शिल्लक आहे, अपिलात तो आवर्जून लिहा. पण यावर आवाज उठवायला हवा होता तेवढा उठला नाही, याचं मला वाईट वाटतं.

खिडकीआडून

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेत नोकरीला आहे. कुठल्या ते सांगत नाही.

स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल लिहिलंय म्हणून राहवलं नाही. ती लोकांना छळायला केलेली नसते. अंदाजपत्रक लेखा विभागात एक्सेलमध्येच तयार होतं. मग छापलं जातं, त्यावर सह्या होतात, शिक्के बसतात, आणि सहीची प्रत हीच अधिकृत प्रत. संकेतस्थळावर टाका असा आदेश आला की आमच्याकडचा माणूस ती अधिकृत प्रत उचलतो, स्कॅन करतो आणि चढवतो. एक्सेल चढवलं आणि त्यात कुणी फेरफार केला तर जबाबदार कोण, ही भीती असते. तेव्हा मागताना असं मागा: "सहीची पीडीएफ आणि तिच्यासोबत, फक्त संदर्भासाठी, एक्सेल." असं म्हटलं की साहेबांना सही करायला सोपं जातं.

दुसरं सांगतो. आमच्या टेबलाशी येणारे बरेच जण मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करूनच बोलायला लागतात. त्यांचा अनुभव वाईट असेल, मान्य. पण कार्यालयात असे लोक असतात ज्यांना काम नीट व्हावंसं वाटतं आणि ज्यांचं वरती कुणी ऐकत नाही. तुमच्या हातातला नीट केलेला तक्ता त्यांनाही हवा असतो.

आडवाट

खिडकीआडून, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. एक्सेल मागायची ही वाक्यरचना आम्ही अशीच्या अशी वापरणार आहोत.

अनामिक_वाचक, थकवा येतो. आम्ही आमचं काम एका वॉर्डापुरतं आणि चार कागदांपुरतं ठेवलंय, म्हणून दोन वर्षं टिकलो. अंदाजपत्रक, वर्गीकरणाचे ठराव, कार्यादेश आणि दोष दायित्व कालावधी. शेवटच्याबद्दल जरा सांगतो, कारण तुम्ही उखडलेल्या रस्त्याचं लिहिलंत.

रस्त्याचं काम दिलं की ठेकेदारावर ठरावीक काळ दुरुस्तीची जबाबदारी राहते. तेवढ्या काळात खड्डा पडला तर त्याने स्वखर्चाने बुजवायचा. हा काळ निविदेत आणि कार्यादेशात लिहिलेला असतो. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो कळायचा कसा? म्हणून आमच्या वॉर्डातल्या रस्त्यांची यादी केली: रस्ता कुठून कुठपर्यंत, काम पूर्ण कधी, कालावधी कधी संपतो. यात प्रोग्रॅमिंग जवळपास नाहीच. एक तक्ता आहे आणि मुदत संपायच्या ६० दिवस आधी आठवण करणारी दहा ओळींची स्क्रिप्ट. पण "रस्ता खराब आहे" या अर्जाला येणारं उत्तर आणि "या रस्त्याची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, ठेकेदाराकडून करून घ्यावा" या अर्जाला येणारं उत्तर यांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्यात महापालिकेचे पैसे जात नाहीत, त्यामुळे "बजेट नाही" म्हणता येत नाही.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे मायसोसायटी नावाच्या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट सुरू केलं. तुमच्या अ‍ॅपसारखंच, खड्डा नकाशावर टाकायचा. ते चाललं याचं कारण साधं आहे: तक्रार कुठल्या कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेच्या) हद्दीत येते ते ओळखून ती त्यांच्या नेहमीच्या तक्रार विभागाकडे जाते. म्हणजे पलीकडे वाचणारा माणूस आधीच होता. हद्दींचे नकाशे नीट उपलब्ध असल्यामुळे हे जमलं. आपल्याकडे वॉर्डाच्या हद्दी दर निवडणुकीला बदलतात आणि नकाशा पुन्हा पीडीएफच. डेटामीट या खुल्या डेटासाठी काम करणाऱ्या गटाच्या स्वयंसेवकांनी अनेक शहरांचे वॉर्ड आणि मतदारसंघांच्या हद्दी मेहनतीने नकाशावर उतरवून खुल्या केल्यात. त्यांचं काम जरूर बघा.

त्याच संस्थेचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. व्हॉटडूदेनो, २००८ पासून. माहिती अधिकाराचा अर्ज तिथून करायचा आणि आलेलं उत्तर आपोआप सगळ्यांना दिसतं. एकाने विचारलं की दुसऱ्याला विचारायला नको. केतकींच्या कपाटात किती उत्तरं पडून असतील!

केतकी_

दोन खोकी भरून आहेत. कुणी स्कॅन करायला येत असेल तर चहा माझ्याकडून.

मांडवीतीर

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे माहिती अधिकाराचा राज्याचा कायदा १९९७ मध्येच झाला होता, देशाचा यायच्या आठ वर्षं आधी.

पण सांगायचं आहे ते नकाशांबद्दल. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ (म्हणजे २०११ सालापर्यंतचा) अधिसूचित झाला. डोंगरउतार, शेतं, बागायती यांचे रंग बदलून टाकले होते. सामान्य माणसाने तो नकाशा पाहून काय समजायचं? लोकांनी, वास्तुविशारदांनी, शिक्षकांनी गावोगावी बसून जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवून दाखवला: हे आपलं टेंबलं (टेकडी), हे आता वसाहतीत घातलंय. तेव्हा लोक रस्त्यावर आले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. पुढच्या आराखड्याच्या वेळी नकाशांचे मसुदे पंचायतींकडे सूचनांसाठी आले. तेवढं पुरेसं झालं असं मी म्हणणार नाही, वाद पुढेही चाललेच.

आज हेच काम संगणकावर किती सोपं आहे! दोन नकाशे एकावर एक ठेवायचे आणि मध्ये सरकपट्टी. आमच्या ग्रामसभा रविवारी असतात, माणसं तावातावाने येतात. पडद्यावर त्यांचा स्वतःचा वाडा (वस्ती) दाखवला की पुढचं सगळं तीच बोलतात.

बीई_तिसरं_वर्ष

सगळ्यांना नमस्कार. मला पायथॉन येतं, मराठी टाइप करता येतं, वेळ आहे. कुठून सुरू करू? गॅझेट, शासन निर्णय वगैरे उतरवून घेणं कायदेशीर आहे का?

आडवाट

बीई_तिसरं_वर्ष, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

कायद्याचं आधी. डेटा डॉट गव्ह डॉट इन या केंद्राच्या संकेतस्थळावरचा डेटा २०१७ मध्ये आलेल्या खुल्या परवान्याखाली वापरता येतो, स्रोताचा उल्लेख करायचा. राज्याचे शासन निर्णय एका संकेतस्थळावर आहेत आणि प्रत्येकाला संकेतांक असतो, तो तुमच्या नोंदीत जपा. माहिती उतरवताना एका विनंतीनंतर दोन-तीन सेकंद थांबा आणि रात्री करा. ती सर्व्हर तोकडी असतात, आपल्या घाईपायी एखाद्याचा दाखल्याचा अर्ज अडकू नये.

सुरुवात गावांच्या नावांपासून करा असं मी सुचवेन. ऐकायला साधं वाटतं, पण बहुतेक कामं इथेच फसतात. एका यादीत 'पिंपळगाव बु.', दुसरीत 'पिंपळगाव बुद्रुक', तिसरीत रोमनमध्ये तीन प्रकारे, आणि एकाच जिल्ह्यात तीन पिंपळगावं. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे. तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाचा तो क्रमांक, जनगणनेचा क्रमांक आणि मराठी नाव अशी शुद्ध यादी करा. एका तालुक्याची जरी केली तरी पुढचे दहा जण तुमचं नाव घेतील.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. लाभार्थ्यांच्या याद्यांत मोबाईल नंबर, खाते क्रमांक, कधी कधी आधारही उघडा पडलेला असतो. सरकारने टाकलाय म्हणून आपण पुढे टाकायचा नाही. आम्ही फक्त कामाची आणि रकमेची माहिती ठेवतो, माणसांचे रकाने पहिल्याच पायरीला गाळतो. पारदर्शक व्हायचं ते सरकारने. विधवा निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईंनी नव्हे.

आणि धीर हवा असेल तर तैवानची गोष्ट सांगतो. तिथे गव-झीरो नावाची प्रोग्रॅमर-नागरिकांची चळवळ २०१२ पासून आहे. राजकीय देणग्यांचे हिशेब तेव्हा एका सरकारी कार्यालयात जाऊनच बघता यायचे, न्यायच्या तर छापील प्रती. २०१४ मध्ये या लोकांनी त्या प्रती आणल्या, स्कॅन केल्या, प्रत्येक तक्त्याचे चौकोन चौकोन कापले आणि संकेतस्थळावर ठेवले. येणाऱ्याने एक चौकोन बघायचा आणि त्यातला आकडा टाइप करायचा. हजारो लोक आले, लाखो चौकोन भरले. प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही दोन मिनिटांत हातभार लावू शकत होता. काही वर्षांनी, २०१८ मध्ये, तिथला कायदा बदलून हे हिशेब ऑनलाइन देणं बंधनकारक झालं. आमच्या तिरक्या पानांसाठी मला हेच करायचं आहे: एक चौकोन, एक माणूस, एक आकडा. आणि खाली काकांची बेरीज.

शिवारात

हे चौकोनाचं आमच्या शाळेतल्या पोरांनाही करता येईल. देवनागरी अंकांची उजळणीही होईल.

आडवाट

पाच आठवड्यांनी परत लिहितोय.

केतकींच्या दोन खोक्यांपैकी एक स्कॅन झालं. इथलेच तिघे आले होते. बीई_तिसरं_वर्ष यांनी एका तालुक्याची गावांची यादी पूर्ण करून पाठवली, दोन गावांबद्दल शंका आहे, त्या त्यांनी तशाच नोंदवून ठेवल्यात, जे मला फार आवडलं.

आमच्या गल्लीचं सांगतो. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांनी ५ लाखांपर्यंतची छोटी कामं सुचवायची पद्धत आहे, तसा अर्ज आमच्याकडे नाही. म्हणून आम्ही अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधीच क्षेत्रीय कार्यालयात गेलो. काका, मी, तळमजल्यावरच्या दोन ताई. सोबत एक पान: ड्रेनेज लाईनला कुठल्या वर्षी किती तरतूद, कुठल्या ठरावाने ती कुठे गेली, आणि त्या त्या पावसाळ्यात किती घरांत पाणी. कनिष्ठ अभियंत्यांनी ते पान दोनदा वाचलं. ठरावाचा क्रमांक त्यांनी त्यांच्या नोंदीशी पडताळून बघितला. मग ताईंना विचारलं की पाणी पायरीच्या वर येतं की खालीच राहतं. ताईंनी हाताने दाखवलं, कुठपर्यंत ते.

काम या वर्षीच्या प्रस्तावात घेतलंय असं त्यांनी सांगितलं. तरतूद दिसेल तेव्हा खरं, आणि पुढे फेब्रुवारीत वर्गीकरणाकडेही लक्ष ठेवावं लागेल. काकांनी कॅलेंडरवर खूण केली आहे.

निघताना अभियंत्यांनी हाक मारली. म्हणाले, "ही वॉर्डाची सगळी यादी आहे का तुमच्याकडे? रस्त्यांच्या मुदतीची पण? मला पेनड्राइव्हवर द्याल का? आमच्याकडे अशी एकत्र नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिली.

मांडवीतीर

कोड कुठे ठेवलाय? वेलांटी आणि रफाराचा भाग मी तपासायला घेते.